न दिलेल्या मताचे आभार

तीर्थरूप डॉक्टर मावशीस,

तुझ्या धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगांचा, उरलेली दोन बरी झाली की प्रत्यक्ष येऊन पोचती करतो.) तुझा गुडघा काय म्हणतो? गुलाबांवरची कीड गेली का? निवृत्तीनंतर माणसानं कसं राहावं हे मावशीकडून शिकावं, असं आमच्याकडे एक दिवसाआड कुणीतरी म्हणतंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळंतपणांपायी अर्ध्या ताटावरून उठलीस, आता निदान दोन घास सुखानं पोटात जात असतील. इकडे सर्व क्षेम. हिला सातवा महिना लागला आहे, तब्येत ठणठणीत आहे. फक्त माझा आवाज ऐकला की मळमळतं, असं म्हणते. ताई मजेत. ताईचे यजमान, म्हणजे आपले आमदार भाऊजी, हेही मजेत आहेत. किंबहुना इतके मजेत, की हल्ली रस्त्यात लोक त्यांना आपण होऊन थांबवतात आणि तरीही भाऊजी पळून जात नाहीत. हा चमत्कार कसा घडला ते कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

कारखाना बंद पडल्यावर ताईनं मला भाऊजींच्या कचेरीत चिकटवलं, हे तुला ठाऊक आहेच. चपलांच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, टेबलाच्या काचेखाली मतदारसंघाचा नकाशा आणि समोर एक डुगडुगणारी खुर्ची. (ती दुरुस्त करायची नाही अशी भाऊजींची सक्त ताकीद आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसानं फार वेळ टेकू नये, हा त्यामागचा विचार.) माझं काम एकच, भाऊजींचे जनतेसाठीचे संदेश लिहिणं. वाटतं तितकं ते सोपं नाही हं. पाणी येत नसेल तर ‘पाठपुरावा सुरू आहे’ लिहायचं, पाणी फार येऊन घरात शिरलं तर ‘गंभीर दखल घेतली आहे’ लिहायचं आणि काहीच सुचलं नाही तर ‘माझी भूमिका स्पष्ट आहे’ असं लिहून पुढच्या ओळीत शुभेच्छा द्यायच्या. भूमिका कोणती, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. (एकीनं विचारलं. तिच्याकडे येतोच.) सोमवारी बसून मी सबंध आठवड्याचे संदेश लिहून ठेवतो आणि त्यांना वेळ लावून देतो, मग ज्याचा तो संदेश आपापल्या वेळी लोकांच्या फोनवर जातो. भाऊजी ते जनतेबरोबरच वाचतात. आपण काय केलं हे त्यांना त्यातूनच कळतं, आणि पुष्कळदा बरंही वाटतं.

भाऊजींचं मतदान मात्र वेगळ्या खात्यात मोडतं. सभागृहात हात वर करून मत द्यायचं असतं. पक्षाचे प्रतोद, म्हणजे कुणी केव्हा हात वर करायचा हे ठरवणारे गृहस्थ, पहिल्या रांगेत बसतात. भाऊजी त्यांच्याकडे बघतात. भाऊजींच्या शेजारी एक जाडजूड आमदार बसतात, त्यांना पुढच्या खांबामुळे प्रतोद दिसत नाहीत म्हणून ते भाऊजींकडे बघतात. त्यांच्या मागचे त्यांच्याकडे बघतात आणि पार भिंतीपर्यंत हे असंच जातं. अशा रीतीनं आमचे भाऊजी गेली कित्येक वर्षं जनतेच्या वतीनं हात वर करत आले आहेत. आता हात एकीकडे आणि संदेश दुसरीकडे असं झालं तर काय, अशी शंका तुला येईल. त्यासाठी कचेरीची रीत ठरलेली आहे. ज्यांनी अर्ज दिला असेल त्यांच्यापुरता संदेश काढायचा, की तुमच्या बाजूनं मी ठाम उभा राहिलो. दुकानदारांनी रस्ता रुंद करू नका म्हणून अर्ज दिला तर दुकानदारांना तसा संदेश. गाडीवाल्यांनी करा म्हणून दिला तर त्यांना तसा. दोघांची गाठ पडत नाही, कारण रस्ता अरुंद असल्यामुळे गाडीवाले दुकानाशी थांबूच शकत नाहीत.

या सुरळीत कारभारात एकच खडा होता, त्या म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सभागृहाचं छापील इतिवृत्त वाचायचा नाद लागलेला. भाऊजींनी कुठल्या ठरावावर कसं मत दिलं हे त्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहितात, बाजूला संदेशातलं वाक्य लिहितात आणि खाली नुसती एक आडवी रेघ मारतात. पुढचं गणित ज्यानं त्यानं करायचं. त्या कचेरीत येतात तेव्हा डुगडुगणाऱ्या खुर्चीवर ताठ बसतात आणि खुर्ची हलत नाही. त्यामुळे त्यांना कुठलाही संदेश जाता कामा नये, अशी भाऊजींची दुसरी सक्त ताकीद होती.

तर सभागृहात ठराव आला, की आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करून जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवावा. तुझा विभाग, मावशी! जिथे तू निम्मं गाव या जगात आणलंस, जिथल्या पाळण्यांना तू भांडून भांडून नवी चाकं बसवून घेतलीस. मोठा दवाखाना दोन तासांवर, आणि तो रस्ता म्हणजे ज्याचा भाऊजी पाठपुरावा करत आहेत तो. हिला त्या रस्त्यानं न्यायचं या कल्पनेनंच माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिला मी धीर देत होतो आणि ही मला देत होती, आणि दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. गावातल्या बायांनी अर्ज दिला. मी तो भाऊजींच्या पुढ्यात ठेवला, हिची आठवण करून दिली, अगदी गयावया केली म्हण ना. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रतोदांनी ठरावाच्या बाजूनं सांगितलंय असं म्हणाले आणि बायांना नेहमीसारखा संदेश काढायला सांगून राजधानीला निघून गेले. मला इतका संताप आला की काय सांगू. पण नोकरीच ती. मी बसलो आणि लिहिलं, ‘आज सभागृहात मी प्रसूती विभाग बंद करण्याच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. या विभागात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची शपथ, तो बंद होऊ देणार नाही.’ (बाळाची शपथ नेहमीच्या मजकुरात नसते. हात वाहवला.) मतदानाच्या दिवशी दुपारची वेळ लावून दिली आणि हिच्यासाठी लिंबं आणायला गेलो.

आता झालं असं, की त्या दिवशी सकाळी एक माजी सदस्य वारले आणि सभागृह श्रद्धांजली वाहून सोमवारपर्यंत उठलं. मतदान झालंच नाही. संदेशाला हे कोण सांगणार? तो आपल्या वेळेवर गेला. आणि गेला तो नुसता अर्जदार बायांना नाही. खूण करताना माझं बोट ‘अर्जदार’च्या खालच्या ओळीवर, म्हणजे ‘सर्व’वर पडलेलं. दुकानदार, गाडीवाले, वर्तमानपत्रं, पक्षाध्यक्ष, प्रतोद आणि गणिताच्या बाई, सगळ्यांना एकदम कळलं की आमच्या आमदारांनी, न झालेल्या मतदानात, पक्षाविरुद्ध मत दिलं.

पहिला फोन भाऊजींचा. “अरे, मी काय केलं ते मला आधी सांगत तरी जा!” एवढं बोलून त्यांचा आवाजच बसला. मग ताबडतोब खुलासा काढ, तांत्रिक चूक म्हण, असं त्यांनी कुजबुजत सांगितलं. मी लिहायला बसलो आणि जिन्यावर पावलं वाजली. पहिली आली ती बेकरीवाली, तिन्ही मुलं घेऊन. सगळ्यात धाकटं कडेवर. मागोमाग टॅक्सीवाला, जुळ्यांसह. मग शिंपीणबाई, पोस्टमन, चपलांच्या दुकानाचा मालक आणि त्याची तीन आठवड्यांची नात. तासाभरात कचेरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खुर्चीच्या डुगडुगण्यावर पोरं झोके घेत होती, मतदारसंघाच्या नकाशावर एका बाळाचं लंगोट बदलणं चाललं होतं (पूर्व भागाचं जरा नुकसान झालं), आणि जो तो माझा हात हातात घेऊन साहेबांना आमचं एवढं सांगा म्हणत होता. मावशी, आजवर त्या कचेरीत आभार मानायला कुणी आलं नव्हतं. तांत्रिक चूक हे शब्द माझ्यानं लिहवेनात.

एवढ्यात गणिताच्या बाई आल्या. खुर्चीवरची पोरं खाली उतरली. आमदारांबद्दल आपण आजवर जे बोललो ते बहुधा चुकलं, इतिवृत्त छापून आलं की ते बघून फळ्यावर जाहीर माफी लिहू, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मतदानच नसणार होतं. मी आतल्या खोलीत जाऊन ताईला फोन केला. ताई पोळ्या टाकून आली, माझ्या हातातला फोन घेतला आणि भाऊजींशी बोलली. फार नाही बोलली. “आपली दोन्ही मुलं तिथेच झाली. दुसऱ्याच्या वेळी तुम्ही दारातच चक्कर येऊन पडलात आणि मावशीनं आधी तुमच्या तोंडावर पाणी मारलं, मग माझ्याकडे वळली. हे मी आजवर चारचौघांत बोलले नाही, सोमवारनंतर बोलेन.” फोन ठेवला आणि परत पोळ्या लाटायला गेली.

शनिवारी भाऊजी गावी आले ते मागच्या दारानं निसटायच्या बेतानं. पण स्टँडवरच लोकांनी गाठलं. कुणालाही बोलावणं धाडलेलं नव्हतं, ही गोष्ट भाऊजींच्या पहिल्यांदा लक्षात आली आणि ते गोंधळले. जमलेल्या माणसांकडे बघून मला हळूच विचारतात, ही आपलीच ना? चपलवाल्यानं नात त्यांच्या हातात दिली. पोरीनं पाचच मिनिटांत त्यांचा नवा कोरा सदरा ओला केला. मी रुमाल घेऊन पुढे झालो, तर भाऊजी मला ढकलून पोर तशीच धरून उभे! आईशपथ सांगतो, त्या क्षणी मला माणूस आवडून गेला. घरी आल्यावर त्यांनी तो ओला सदरा स्वतःच दोरीवर टाकला. मग ताईला म्हणाले, “विरुद्ध मत द्यायचं म्हणजे हात नंतर वर करायचा, नाही का?”

सोमवारी आम्ही सगळे कचेरीत टीव्हीसमोर. ही खुर्चीवर, मी तिच्या पाठीशी, जिना माणसांनी भरलेला. अध्यक्षांनी ठरावाच्या बाजूचे हात मागितले. प्रतोदांचा हात वर. भाऊजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले! शेजारच्या जाडजूड आमदारांनी सवयीनं भाऊजींकडे पाहिलं. हात खाली दिसला, त्यांनी आपलाही खाली ठेवला. मागच्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या मागच्यानं त्याच्याकडे. प्रतोद मान वळवून वळवून बघताहेत आणि भिंतीपर्यंत सबंध पट्टा शांत बसलेला. मग विरोधातले हात मागितले आणि भाऊजींचा हात वर गेला, सरळ, आणि पाठोपाठ त्या पट्ट्यातले सगळे. ठराव पडला! नुसता नाही, दणदणीत आपटला. कचेरीत असा ओरडा झाला की खालच्या दुकानात चपलांची मांडणी कोसळली आणि मालक वरूनच म्हणाला, पडू दे. ही रडली. मीही रडलो, कंबर धरली ती तिथेच, टॅक्सीवाल्यानं उचलून घेतल्यामुळे.

पक्षाध्यक्षांनी भाऊजींना काढायची तयारी केली होती म्हणे, पण दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं पाहून त्यांनी संदेश काढला, की पहिल्यापासून पक्षाची हीच भूमिका होती. (भाषा माझ्याहून सफाईदार होती. हेवा वाटला.) गणिताच्या बाईंनी इतिवृत्त तपासून फळ्यावर माफी लिहिली: ‘एका मतापुरती. बाकीची मतं जशीच्या तशी.’ भाऊजी ते वाचायला दिवसातून दोनदा वाचनालयावरून जातात. आणि परवा पाण्याच्या ठरावाआधी त्यांनी मला विचारलं, की आपल्या लोकांना नक्की काय हवं आहे? मी उठून दार लावून घेतलं, कुणी ऐकून दचकू नये म्हणून.

असो. तब्येतीला जप, गुडघ्याला गरम कपडा बांध. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. ताई विचारते, तुझा जुना पांढरा कोट अजून अंगाला होतो का? सहज विचारते आहे.

आणखी ता. क. ठराव पडला हे खरं, पण आरोग्य खात्याचं म्हणणं असं, की विभाग खुशाल चालू ठेवा, तिथे डॉक्टर कुठे आहे? तू गेल्यापासून आलेला प्रत्येक जण सामान न सोडताच परत गेला. महिनाअखेरपर्यंत डॉक्टर हजर झाला नाही तर कुलूप लागेल, आणि त्याला मतदानही लागत नाही. हिचे दिवस त्यानंतर भरतात. मला झोप येत नाही, मावशी. सिस्टर म्हणतात दुसरं कुणी नको, आमच्या डॉक्टरबाईंचा आरडाओरडा ऐकल्याशिवाय आम्हाला हातमोजे सापडत नाहीत.

शेवटचा ता. क. आज सकाळी संदेश गेला. या वेळी ‘सर्व’वर मी नीट बघून खूण केली. बेकरीवाली, टॅक्सीवाला, सिस्टर, ताई आणि भाऊजी अशी पहिली गाडी पोरांसकट तुझ्याकडे निघाली आहे. हे पत्र भाऊजीच तुझ्या हातात देतील. काल तू जो आनंदानं होकार दिलास, त्याबद्दल समस्त गावातर्फे तुझे मनःपूर्वक आभार.