दाराकडे तोंड करून ठेवलेली मशीन

अण्णा, तुमच्या पणतीनं मला नुसता वैताग आणलाय, आणि घरात माझं गाऱ्हाणं ऐकायला कुणाला वेळ नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, तिला बघितलं नाहीत. नाक तुमचं, हट्ट आईचा, आणि जीभ कुणाची ते तुम्ही ओळखाल. वकिलीचं शिकली. मारतहळ्ळीकडं एका कंपनीत चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून रोज मल्लेश्वरमला एका संस्थेत ट्रेनिंगला जाते. कसलं ट्रेनिंग, विचारलं तर म्हणाली, "संक्रमणकालीन न्याय." मी म्हटलं, संक्रांतीचं काही आहे का? एवढी हसली, एवढी हसली, की मलाही हसू फुटलं, पण कळलं काहीच नाही.

मग समजावून सांगितलं. एखाद्या देशात लढाई होते, नाहीतर सरकारच आपल्या लोकांवर जुलूम करतं. ते कधीतरी संपतं. संपल्यावर काय? ज्यांना मारलं, ज्यांना उचलून नेलं, त्यांच्या घरच्यांकडून खरं काय झालं ते ऐकायचं, ज्यांनी केलं त्यांना जाब विचारायचा, भरपाई द्यायची, पुन्हा तसं होऊ नये म्हणून कायदे बदलायचे. हे सगळं कसं करायचं ते शिकवतात म्हणे. "म्हणजे लग्न झाल्यावर मांडव आवरणारी माणसं तुम्ही," मी म्हटलं. "हो अज्जी," म्हणाली, "पण मांडवातून उपाशी कोण गेलं, तेही आम्ही विचारतो." आहे की नाही तोंड?

आता हिला सरावाला माणूस पाहिजे. घरात रिकामी कोण, तर मी. मी मिरच्या तळत असते आणि ही स्वयंपाकघरात खुर्ची आणून तिरकी ठेवते. अगदी समोर बसायचं नाही, पोलिसांनी चौकशी केल्यासारखं वाटतं म्हणे. "अज्जी, प्रश्न विचारू का? नको वाटलं तर तू कधीही थांबू शकतेस." मी म्हटलं, "बाई, मला थांबलेली तू कधी बघितलीस?" मी बोलायला लागले की तिनं मध्ये सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणायचं नाही, असा नियम. सरी म्हटलं की सांगणाऱ्याला वाटतं, पुरे झालं आता. "अरेरे, बिचारी" तर मुळीच म्हणायचं नाही. हात धरायचा तरी आधी परवानगी घ्यायची. माझ्या मांडीवर वाढलेली पोर मला परवानगी विचारते, अण्णा! मिरच्या करपल्या त्या वेगळ्याच.

त्यात भाषेची भानगड. कन्नड फाडफाड बोलते, इंग्लिश येतं, मराठी म्हणजे आपल्या चामराजपेटच्या गल्लीतली, घरापुरती. एक इंग्लिश शब्द घेऊन आली, अॅक्नॉलेजमेंट. ज्यांनी जुलूम केला त्यांनी सगळ्यांदेखत म्हणायचं, हो, हे आमच्या हातून झालं, तुमच्या माणसाचा दोष नव्हता. ह्याला एका शब्दात मराठीत काय म्हणतात? मोबाईलमध्ये शोधलं तर "पोच" असं आलं, आणि तिनं लिहूनही टाकलं, सरकारनं पीडितांना पोच द्यावी. मी कपाळाला हात लावला. अगं, पोच पार्सल मिळाल्याची देतात! आणि आपल्या घरात पोच कशाला म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे. चार माणसांत काय बोलावं ह्याची ह्या पोरीला पोच नाही, असं आई मला किती वेळा म्हणाली असेल. ते सांगितलं तर ही म्हणाली, "अज्जी, मग बरोबरच आहे की. ज्याला पोच नाही, तो पोच देत नाही." मोठी आली शहाणी. मी दिवसभर शेजारच्या अक्कांना सांगत सुटले होते हे, ती गोष्ट सोडा.

पण परवा तिनं तिरक्या खुर्चीत बसून विचारलं, "अज्जी, पणजोबांना नेलं होतं ना?" आता हे हिच्या कानावर घातलं कुणी? माझ्या मुलानंच घातलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, ते आणीबाणीचे दिवस, सगळ्यांचं तसंच होतं. सोड. तिनं सोडलं नाही, पण पुढं विचारलंही नाही. नुसती बसली. आणि मला शांतता सोसत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

मग सांगायलाच लागले. आणीबाणीतली दुपार आहे. तुम्ही दुकानात एका शर्टाला काजं करताय, मी पायाशी बसून कच्चे धागे ओढतेय. एका गिऱ्हाइकानं पँटच्या कापडाचं गाठोडं ठेवलेलं, पोलीस येऊन ते सोडतात, तर त्यात सरकारविरुद्धचे छापील कागद निघतात. तो कोण, कागद कसले, तुम्हाला काय माहीत? पोलीस मोठ्यानं बोलतही नाहीत. "स्वल्प बन्नी," म्हणतात. थोडं या, एवढंच. तुम्ही सुई कापडात खोचून ठेवता, म्हणजे आल्यावर तिथून पुढं सुरू करता येईल. त्यांचं ते "थोडं" वर्ष उलटून गेलं तरी संपलं नाही. माझी शाळा सुटली, आई लोकांचे ब्लाऊज शिवायला लागली, आणि गल्लीत बायका म्हणायच्या, काहीतरी केलं असेल, उगीच का नेतात?

मग तुम्ही आलात, आणि पहिलं काम काय केलंत, तर मशीन फिरवून दाराकडं तोंड करून ठेवलीत. खिडकीचा उजेड पाठीमागून येणार, हाताची सावली कापडावर पडणार. "उजेडाकडं पाठ करून कोण शिवतं?" आई ओरडायची. कॉलर वाकड्या व्हायला लागल्या, गिऱ्हाइकं तुटली. तुम्ही मशीन हलवली नाहीत आणि तोंडातून शब्द काढला नाहीत. एक शब्द तरी काढायचा होता, अण्णा! आत काय झालं ते नको, निदान आईला म्हणायचं होतं की मला दार दिसायला पाहिजे. आम्ही काय परके होतो?

पोरीनं एवढंच विचारलं, "तू त्यांना कधी विचारलंस?" आई विचारू नको म्हणाली होती. मग मी तुमच्या पायाशी बसून बडबडायचे. नळावर कोण भांडलं, मांजरीला पिल्लं किती झाली, काहीही. म्हणजे तुम्ही उत्तर देत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याच्या लक्षात येऊ नये. हे मी तिला सांगितलं तेव्हा मलाच नवीन होतं. मी काही जन्माची बडबडी नाही, अण्णा. ती म्हणाली, "अज्जी, हात धरू का?" मी म्हटलं, "धर बाई, विचारतेस काय."

आता म्हणते, शनिवारी संस्थेत येऊन हेच सगळ्यांसमोर सांगशील का? गावोगावचे वकील आहेत, शिकायला आलेले. तुला काय मिळायला हवं तेही सांग म्हणाली. काय मिळायला हवं? खाकीतल्या कुणीतरी आपल्या गल्लीत यावं, आणि खणखणीत कन्नडमध्ये म्हणावं, ह्या टेलरनं काही केलं नव्हतं. पण ऐकायला कोण उरलंय तिथं? त्या बायका गेल्या, दुकानाच्या जागी मोबाईलवाला बसलाय. हा न्याय म्हणजे पाहुणे गेल्यावर पान वाढणं. "मग आम्ही ऐकू," म्हणाली.

मी तिला "बघते" म्हटलंय. तुम्ही जन्मभर ज्याबद्दल तोंड उघडलं नाहीत, ते तुम्हाला न विचारता परक्यांत कसं सांगू, म्हणून हे लिहायला बसले होते. हे काही कुठं पोहोचायचं नाही. आणि खरं सांगू, अण्णा? तुम्ही नको म्हणाला असतात, तरी मी सांगणार आहे.