बोरखळीच्या देवळाला एकच दार

पाहणी समिती येत्या रविवारी, २९ ऑगस्टला, सकाळी दहा वाजता बोरखळीत दुसऱ्यांदा येणार आहे. ही बातमी पोस्टमन नानासो यांच्याकडून पक्की झाली. कार्ड माझ्या नावाचे होते, पण त्यांनी ते स्टँडवरच मोठ्याने वाचले, त्यामुळे माझ्या हातात पडेपर्यंत साऱ्या गावाला तारीख पाठ झाली होती. तीच तारीख धरून हा कागद मी आज पुरा करते आहे.

मी, सुलाबाई योहान आवळे, वय सदुसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी मिशन दवाखान्यात नर्स आणि आता गावात दाई, राहणार मौजे बोरखळी, तालुका जत, जिल्हा सांगली, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते स्वखुशीने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी "एवढी घाई काय" म्हणून अडवले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी सोमवारी दिला. हृदयाचे विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत जिना चढू नका." बोरखळीत कोणाच्याच घराला जिना नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी मी स्वतः तीस वर्षे असेच बोलले आहे, तेव्हा काय ते समजले. ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला रिपोर्ट वेळेवर लिहून द्यायचा, हा तिथला नियम होता. हाही तसाच रिपोर्ट समजावा.

कलम पहिले. माझी माती बोरखळीतच व्हावी. माझे पती योहान १९७१ साली वारले तेव्हा इथे ख्रिस्ती माणसाला पुरायला जागा नव्हती. बिराप्पा धनगराने आपली बैलगाडी जुंपली आणि त्यांना चौदा मैलांवर जतला नेले. वाटेत चाकाची लोखंडी धाव निसटली. दोन तास मी उन्हात त्यांच्या उशाशी बसले होते आणि बिराप्पा दगडाने धाव ठोकत म्हणत होता, "मालकास्नी कुठं घाई हाय, आक्का?" तो बरोबर बोलला, पण मला पुन्हा त्या रस्त्याने जायचे नाही. इथे स्वतंत्र मंडळी, म्हणजे गावच्या ख्रिस्ती लोकांची संस्था, समितीने मंजूर केली तरच तिच्या नावाने दफनभूमी मिळते. समितीच्या दुसऱ्या भेटीशी माझा काय संबंध, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

कलम दुसरे. माझे दोन खणांचे राहते घर, चूल, भांडी आणि पत्र्याची पेटी भाचा बाळासो यास द्यावी. तो मिरजेला ट्रक चालवतो. आला की आधी घराशेजारची मोकळी जागा पावलांनी मोजतो, मग माझी तब्येत विचारतो. तिथे त्याला पिठाची गिरणी घालायची आहे. गिरणीला माझी हरकत नाही. जागेचे मात्र चौथ्या कलमात पाहावे.

कलम तिसरे, किरकोळ. बाळंतपणाची कात्री आणि उकळायचे पातेले गुंडाची सून रंगूबाई हिला द्यावे. तिचा हात हलका आहे. कात्री वीस मिनिटे उकळायची, गाणे संपेपर्यंत नव्हे, कारण ती गाणे भरभर म्हणते.

नाडी मोजायचे माझे घड्याळ आप्पासो मास्तर यांना द्यावे. ते शाळेत शिक्षक आणि आमचे मराठी बोलणारे वडील आहेत. वडील म्हणजे मंडळीचे कारभारी, वयाने ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. उपदेशाला उभे राहताना त्यांनी घड्याळ समोर ठेवावे आणि अधूनमधून त्याकडे पाहावे. गेल्या पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरला, त्यांचे बोलणे संपेपर्यंत माझ्या चुलीवरचा भात करपला. ती चुलीची चूक होती, असे त्यांचे म्हणणे आहे.

घोंगडे गुंडा यास परत द्यावे. ते त्यानेच विणलेले आहे. तो आमचा कानडी बोलणारा वडील. देताना म्हणाला होता, "आक्का, ह्यातनं पाणी जाईल तर माझं नाव बदला." पाच पावसाळे मी त्यात भिजते आहे. नाव बदलण्याबाबत त्याने आपल्या सोयीने ठरवावे.

बिराप्पासाठी मी काहीही ठेवत नाही. तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे जतच्या वकिलांनी सांगितले. म्हणून माझा कंदील मी काल संध्याकाळीच त्याच्या हातात दिला. ती भेट आहे, हा कागद नव्हे.

कलम चौथे, ज्यासाठी हे सगळे लिहिले. घराच्या उत्तरेची पाच गुंठे जागा योहान यांनी रस्त्याच्या कामावर मुकादम असताना घेतली होती. दुष्काळात बहात्तर साली पाण्याचा टँकर तिथेच उभा राहायचा. टँकर कधी सकाळी यायचा, कधी दुपारी, कधी येतच नसे. घागरी रांगेत ठेवून बायका बसत. वेळ जाईना म्हणून मी एक गीत सुरू केले. मास्तरांच्या गल्लीतल्यांनी ते मराठीत उचलले, गुंडाच्या वस्तीवरच्यांनी त्याच चालीवर कानडीत. एक कडवे इकडचे, एक तिकडचे. बोरखळीची मंडळी सुरू झाली ती अशी, घागरींच्या रांगेत. आज मराठी सहा घरे आणि कानडी पाच घरे आहेत. त्या रांगेत कोणाची भाषा पुढे आणि कोणाची मागे, हे कोणी विचारले नव्हते. ज्याची घागर पुढे, तो पुढे.

यंदा मे महिन्यात दोन्ही वडिलांनी मिळून त्या जागेवर फक्की टाकून देवळाचा पाया आखला. एकच चौकोन होता, मी स्वतः पाहिला. दार कुठे, ते ठरायचे राहिले होते. पुढे जूनअखेरीस मी चार दिवस मिरजेला गेले. परत येऊन पाहते तर फक्कीचा मागमूस नाही, सगळीकडे लेंड्या. बिराप्पाने वाघर लावून आपली सव्वाशे मेंढरे तीन रात्री तिथे बसवली होती. वाघर म्हणजे मेंढरे कोंडायचे जाळे. मी त्याला जाब विचारला.

तो म्हणाला, "तुमीच म्हनला न्हवं, नवी जागा धरतोय म्हनून? मग खत नगं? लोकं माझ्या दारात रांग लावत्यात मेंढरं बसवाय. तुमास्नी फुकट बसवली."

"अरे, देवळाला खत कशाला?"

"आता ते मला काय म्हाईत? आमच्यात जागा धरायची म्हंजी आधी मेंढरं."

खरे तर शेतकऱ्याला त्याने याहून मोठी भेट देता आली नसती. वाईट मला वाटले नाही. वडिलांना वाटले, आणि त्यांनी पाया पुन्हा आखला. पुन्हा म्हणजे दोनदा. मास्तरांनी एका संध्याकाळी आठवणीने आखला, दार रस्त्याकडे. गुंडाने दुसऱ्या सकाळी आठवणीने आखला, दार त्याच्या वस्तीकडे. दोन्ही चौकोन एकमेकांवर तिरपे बसले. पावसाने फक्की धुतली की दोघेही आपापल्या रेघा नव्याने भरत. एवढ्या फक्कीत देवळाच्या चारी भिंतींना सफेदी झाली असती.

१८ जुलैला समिती पहिल्यांदा आली. तिला तेच चित्र दिसले.

मास्तर म्हणाले, "दार रस्त्याकडंच पाहिजे, साहेब. येणारी-जाणारी माणसं ऐकत्याल."

गुंडा म्हणाला, "मास्तर, तुमचं ऐकून माणसं रस्ता बदलत्यात."

"आणि तुझ्या वस्तीकडं दार केलं तर मराठी माणसानं काय कुंपणावरनं उडी मारायची?"

"इतकी वर्सं आमी मारतोय की."

समितीच्या प्रमुखांनी चष्मा पुसला आणि विचारले, "एक देऊळ बांधताय की दोन?" मी चहा ठेवला. चहा पिऊन ते गेले. नंतर पत्र आले: पुन्हा एकदा येऊ, तेव्हाही एकमत नसेल तर बोरखळीची घरे जतच्या मंडळीतच राहतील. म्हणजे म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी उपासनेला चौदा मैल जायचे, आणि मी पहिल्या कलमातल्या रस्त्याने.

दाराचा वाद हा दाराचा नाही, हे मला कळते. ज्याच्या बाजूला दार, त्याची भाषा आधी, अशी दोघांची समजूत आहे. दोघेही चांगले आहेत. मास्तरांनी दुष्काळात आपल्या घरचा जोंधळा गुंडाच्या वस्तीवर पाठवला. गुंडाने मास्तरांच्या आईला पाठीवरून दवाखान्यात नेले. हे दोघेही विसरले आहेत, म्हणून इथे नोंदवून ठेवते. दोघांच्या मिळून सात पोरांच्या नाळा मी त्याच कात्रीने कापल्या. पहिले रडणे मराठी की कानडी, हे मला अजून ओळखता येत नाही. एकाने मला सुचवले की दोन दारे करा. दोन दारांच्या घरात वारा आणि कुत्री तेवढी सुखी असतात.

आता नवी गोष्ट. गेल्या पंधरवड्यात पाऊस बरा झाला. माझ्या ओट्यावर बसून पाहिले की त्या जागेत तिसरा चौकोन दिसतो. जिथे मेंढरे बसली होती तिथे गवत गुडघ्याएवढे, काळपट हिरवे आले आहे. बाहेर नुसती कुसळे. वाघरीची कड जिथे होती तिथे रेघ सुतासारखी सरळ. एका बाजूला दोन हात रुंदीची जागा उघडी, गवताशिवाय, कारण तिथून मेंढरे आत-बाहेर करीत होती. ते तोंड रस्त्याकडे नाही आणि वस्तीकडेही नाही. ते दोन्हींच्या मधल्या कोपऱ्याकडे आहे, जिथे टँकर उभा राहायचा. मी बिराप्पाला बोलावून विचारले, तोंड तिथेच का ठेवलेस? तो म्हणाला, "मेंढरं दोनीकडनं येत्यात की, आक्का." दोन्ही वडील रोज तिथे जातात, पण आपापल्या रेघांकडे पाहत असल्यामुळे त्यांना गवत दिसलेले नाही. मेंढरांचे दार मी आहे, असे येशूने शुभवर्तमानात म्हटले आहे, ते दोघांनाही तोंडपाठ आहे. त्याचा अर्थ मी इथे लिहीत नाही.

म्हणून ही पाच गुंठे जागा बोरखळी मंडळीस द्यावी, एका अटीवर. माझ्याकडे योहान यांची मोजणीची सुती दोरी आहे, पन्नास फुटी. ती मी मास्तर आणि गुंडा या दोघांस मिळून देते. एकट्याची ती कधीच होणार नाही. रविवारी समितीच्या देखत एक टोक एकाने आणि दुसरे टोक दुसऱ्याने धरून त्या हिरव्या चौकोनाचे माप घ्यावे आणि तोंड आहे तिथेच एक दार ठेवावे. गाण्यात एक कडवे इकडचे, एक तिकडचे, रांगेत होते तसे. जागेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात माझ्यापुरती साडेसहा फूट जमीन सोडावी. हे झाले नाही, तर सगळी जागा बाळासोस जावी. गिरणीला दार कुठेही चालते.

या कागदाची वेगळी प्रत मी कोणाला देत नाही. साक्षीदारांत नानासो आहेत, तेवढे पुरे.

कलम पाचवे, रविवारपुरते. तोपर्यंत बिराप्पाने मेंढरे त्या गवतात सोडू नयेत. मी साडेनऊला खुर्ची टाकून मोकळ्या तोंडाजवळ बसेन. दोरी गवतावर आडवी टाकलेली असेल. मास्तर आधी येतील असा अंदाज आहे, त्यांच्याकडे सायकल आहे. गुंडा समितीच्या आधी पाच मिनिटे येईल. जो पहिला येईल त्याने एक टोक उचलून उभे राहावे आणि काही बोलू नये; मास्तरांना हे जड जाईल. दुसरे टोक जमिनीवरच राहील. दहा वाजेपर्यंत ते कोणी उचलतो का, एवढेच आता पाहायचे आहे.

मौजे बोरखळी, तालुका जत
गुरुवार, २६ ऑगस्ट १९७६

लिहून ठेवणार: सुलाबाई योहान आवळे (सही)

आम्हा दोघांसमक्ष सुलाबाईंनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. नानासो, पोस्टमन (सही). मजकूर दोनदा वाचला.

२. बिराप्पा, मेंढपाळ (डाव्या हाताचा अंगठा). मजकूर वाचून दाखवला, समजला. मेंढरे रविवारपर्यंत ओढ्यापलीकडे नेतो म्हणाला, आणि माप घ्यायच्या वेळी गवत दाबून धरायला येतो म्हणाला.