अकरा माणसांचा कोच

१२ जानेवारी २०२५

विसरलास ना? काल एवढं बोलले आणि तेजल म्हणते, एक अक्षर उरलेलं नाही. म्हणे मीच भलतं बटण दाबलं. दाबलं असेल. पण ज्याला लिहिता येतं त्यानं विसरायचं आणि जिला येत नाही तिनं ध्यानात ठेवायचं – हा कुठला न्याय!

तेजल माझ्या नातवाची, सत्यमची मुलगी. तिनं फोनात दाखवून दिलं – इथं दाब, बोल, आपोआप लिहून येतं. याला पान म्हणायचं. याची एक खोड आहे. मी ‘न्हाई’ म्हणते, हा ‘नाही’ लिहितो. शिकलेला दिसतोय. असू दे.

तर पुन्हा सांगते. सत्यमला जमिनीच्या कागदावर माझा अंगठा पाहिजे. धरणात आमची भाताची खाचरं गेली, वर उतारावरचं एक वरकस, नाचणी-वरईचं हलकं रान, तेवढं राहिलं. ते आमच्या ह्यांनी जाताना माझ्या नावावर केलं. पुण्याचा एक माणूस तिथं तंबू लावणार. शहरातली माणसं येऊन चांदण्या बघणार – त्यांच्या घरावर उगवत नसतील. सत्यमचं त्याच्याशी बोलणं झालंय. तेजलचं बापाशी बोलणं बंद झालंय, कारण ती आणि गावातल्या पोरी त्याच वावरात फुटबॉल खेळतात.

मी कोणाच्याच बाजूची नाही. मी आपली बघते.

१४ जानेवारी

संक्रांत. तेजलनं बापाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि एक शब्द न बोलता गेली. गोडही नाही, कडूही नाही.

१६ जानेवारी

तंबूवाला वावर बघून गेला. विचारत होता, उतारावरची जमीन मधेच अशी ताटासारखी सपाट कशी? सत्यम म्हणाला, पणज्याचं येड.

पणजा म्हणजे माझे सासरे, नथू मामंजी. लोणावळ्याला रेल्वेत होते, गोऱ्यांच्या वेळेपासून. मी लग्न होऊन आले तेव्हा पेन्शनीत निघालेले. एक गुडघा वाकत नव्हता. गाव त्यांना नथू कोच म्हणायचं. कोच म्हणजे आगगाडीचा डबा, एवढं आम्हाला ठाऊक. म्हणून मामंजी डबे धूत असतील, नाहीतर डब्यांना तेलपाणी करत असतील, असं सगळं गाव धरून चाललं. सासूबाई – येसूबाई – पाणवठ्यावर ऐटीत सांगायच्या, “आमचे कोच हायत.” बायका विचारायच्या, “कितव्या नंबरचा?”

बाकी मामंजींना चेंडूचा नाद. बैल जुंपून, फळी फिरवून ते वरकस त्यांनी सपाट केलं आणि गावातली पोरं त्यात पळवली. नाचणी नाही, वरई नाही – चेंडू! सासूबाई वाढताना विचारायच्या, उद्या भाजी कशाची करू, चेंडूची?

१९ जानेवारी

लोणावळ्याहून गोपाळकृष्ण नावाचे एक निवृत्त मास्तर आले. रेल्वेच्या जुन्या फुटबॉल संघाची माहिती गोळा करतात. त्यांचे वडील स्टेशनात बाबू होते, संघाचा एक सामना चुकवायचे नाहीत. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, विचारलं, कोच नथूंचं घर हेच ना? मी म्हटलं, हेच. पण डब्यांचं काही विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

“कसले डबे, आजी?”

सांगितलं सगळं. हसले नाहीत, माणूस सभ्य आहे. चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आजी, कोच म्हणजे शिकवणारा. खेळाचा मास्तर. रेल्वेनं त्यांना त्याच कामावर ठेवलं होतं.”

म्हणजे तो नाद नव्हता. नोकरी होती. नाद आम्हालाच होता – डब्यांचा.

२० जानेवारी

पावटे सोलताना एकटीच हसत सुटले. कोमल – सत्यमची बायको – घाबरून चुलीपासून उठून आली.

झालं असं. फुटबॉलात एका बाजूला अकरा जण असतात, हे तेजलनं काल सांगितलं. आणि मला आठवलं – गावातलं कोणी मुंबईला निघालं की मामंजींच्या मागं लागायचं, नथूभाऊ, तुमच्या कोचात जागा बघा की. मामंजी म्हणायचे, “माझ्या कोचात अकराच मानसं बसत्यात.” लोक म्हणायचे, रेल्वेचा माणूस, पण किती कंजूष!

बिचाऱ्यानं जन्मभर एकट्यानं विनोद केला. हसायला कोणीतरी आज मिळालं.

२१ जानेवारी

मास्तरांनी सांगितलेलं बाकीचंही बोलून टाकते.

पोरवयात मामंजी इंजिनांच्या शेडमधे कोळसा उचलायला लागले. साहेबांच्या संघात एकदा माणूस कमी पडला, तर यांना उभं केलं – अनवाणी. समोर पलटणीतले गोरे, बूट घालून. आधी हसले. नंतर हसायचं थांबले. रेल्वेनं बूट दिले ते यांनी परत केले, म्हणे बुटात पाय मुका होतो. बरीच वर्षं उजव्या कडेनं पळाले, पुणं केलं, मुंबई केली. मग पुण्यात एक बूटवाला गुडघ्यावर पडला आणि पळणं संपलं. साहेब म्हणाला, पाय गेला तर गेला, तोंड आहे ना? कडेला उभा राहून ओरड. झाले कोच!

इथवर आले आणि मास्तर अडखळले. जमिनीकडं बघत म्हणाले, “आजी, राग मानू नका. त्यांना तमाशाचा शौक होता का? वडील सांगायचे, सामना रंगात आला की हे कडेवरून ओरडायचे – लावणी! लावणी!”

मी पदर तोंडाला लावला. म्हटलं, “मास्तर, भाताची लावणी कधी बघितली का?”

मग सांगितलं. बायका रांगेत वाकतात, रोप खोचत खोचत मागं सरकतात. मागं वळून बघायचं नाही, एकीनं पुढं जायचं नाही, रांग मोडायची नाही. मामंजी बांधावर पोरं बसवून आमचे पाय दाखवायचे. मी नवी नवरी. मला म्हणायचे, “सूनबाई, जरा सावकाश. पोरास्नी दिसू दे.” गावात बोभाटा झाला, म्हातारा बायकांकडं बघतो. सासूबाईंनी एकदा चिखलाचा गोळा हाणला. नेम चांगला होता.

समोरचा चेंडू घेऊन कितीही नाचत आला तरी त्याच्या अंगावर धावायचं नाही, सगळ्यांनी मिळून मागं सरकायचं – एवढंच ते. मास्तर म्हणाले, वडिलांनी अख्ख्या लोणावळ्यात तमाशाचं सांगितलंय हो. मी म्हटलं, आमच्या गावानं डब्यांचं सांगितलं. फिट्टंफाट.

२६ जानेवारी

सत्यम वडाप चालवतो. पवनानगर ते कामशेत, जीपमधे माणसं कोंबून. दुपारी जेवायला आला तेव्हा मामंजींचं सगळं त्याला सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. भाकरी मोडत म्हणाला, “आजी, पणजोबा मोठे असतील. पन माझी गाडी थकली, कंबरबी थकली. तंबू लागले तर मी घरी राहीन. चेंडूवर कुनाचं पोट भरलंय?”

मी म्हटलं, तुझ्या आज्याचं भरलं, तुझ्या बापाचं भरलं.

“मग तेजलचंबी भर तू,” म्हणाला आणि उठला.

त्याचं काय चुकलं? सकाळी गाडीत चढताना त्याचं तोंड कसं वेडंवाकडं होतं, ते मी बघते. तेजल वावरात पळताना तिचं तोंड कसं होतं, तेही बघते. दोन्ही बघून अंगठा कुठं ठेवायचा, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

२८ जानेवारी

सत्यमनं अंगठा मागितला. मी म्हटलं, हात दुखतो. कोमलनं तेल आणून ठेवलं. हसत होती.

३० जानेवारी

शाळा सुटल्यावर तेजल हाताला धरून वावरात घेऊन गेली. पोरी चेंडू दिसला की सगळ्या त्याच्यावर तुटून पडतात, लग्नात जिलेबी आल्यासारख्या. मी म्हटलं, रांगेत उभ्या राहा. वाकून दाखवलं, कंबर धरून. सरका मागं. एकदम. धडपडल्या, एकमेकींवर पडल्या, मग सरकल्या. नीट सरकल्या. एक म्हणाली, “आजी, हे यूट्यूबवर नाही.” मी म्हटलं, तो लावणीला आलाच नसेल.

सडकेवर सत्यमची जीप उभी होती. आतली माणसं वाकून वाकून बघत होती. एकानं टाळी वाजवली. सत्यमनं हॉर्न दिला आणि निघून गेला. पण उभा होता बराच वेळ.

१ फेब्रुवारी

सोमवारी जेसीबी येणार. तंबूंना उतारावर पायऱ्या काढायच्या, मधलं सपाट खोदून तिथं संडास बांधायचे. सत्यमनं त्या माणसाला सांगून टाकलंय, आजीचा अंगठा होऊन जाईल, तुम्ही काम लावा. कोमलनं हे माझ्या कानात सांगितलं. तेजल जेवली नाही. सत्यमही नीट जेवला नाही. मी जेवले. घरात कोणीतरी जेवलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

जेसीबी आला. त्याच्या आधी मी आले. तेजलनं आणि पोरींनी माझी खाट वावराच्या मधोमध टाकून दिली आणि शाळेला गेल्या. जेसीबीवाला म्हणाला, आजी, उठा की. मी म्हटलं, आत्ताच टेकलेय. सत्यमनं जीप अशी आणून लावलीय की सावली खाटेवर पडते.

आजचं पान तेवढं कोमलला धाडते, बटण कळलंय. कोमल, दुपारला तांदळाची भाकर आणि पावट्याची आमटी दे. चिलापी असेल तर काटे काढून. जेसीबीवाल्याचं आणि सत्यमचंही यातच बांध, सत्यमला कांदा जास्त. आणि रात्रीला मला वरईची पेज इथंच पाठव. पातळ.