हात मागे, डोळे छताकडे

बाबा, हे मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. वाचता येत नाही मला, पण पेन जरा थबकतो त्यावरून कळतं. लिहू दे. साहेबांच्या टेबलाकडे वाढायला जाताना तुम्ही नाही का पट्टा आवळून, फेटा सारखा करून जायचे, तशी माझी बोली आज नीटनेटकी होऊन तुमच्यापुढे उभी राहते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे, तेव्हा थोडं दरडावून बोलले तर चालवून घ्या. तुम्हालाही अक्षर येत नव्हतं, हे ऐकून नात म्हणाली, “मग पत्र कायले लिहून राहिलो आपण, आजी?” म्हटलं, “तू लिही ना वं. वाचायचं आमचं आम्ही पाहून घेऊ.”

गोष्ट अशी की ही पोरगी, म्हणजे नातच, इंग्रजी शिकवायला निघाली आहे. शिकवण्याचं शिक्षण झालं, कागद मिळाला, पण दोन शाळांनी पाठ घ्यायला लावून तिला परत पाठवलं. दोन्ही ठिकाणी तिनं फळ्यावर नियम लिहिले आणि पोरं जांभया देत बसली. आता सोमवारी जरीपटका वस्तीतल्या एका शाळेत तिसरा डेमो आहे. हाही गेला तर शिकवणं सोडून मामाच्या दुकानात कापड मोजायला बसेन, असं तिनं जेवताना सांगितलं. हसत सांगितलं, पण अर्धी पोळी ताटात ठेवून उठली. या वेळी तिनं रीत बदलली आहे. मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. ‘सिट डाउन’ म्हणायचं आणि बसून दाखवायचं, ‘ओपन’ म्हणायचं आणि डबा उघडून दाखवायचा. भाषा म्हणे अंगातून शिरते. पण हे कुणावर तरी करून पाहायला हवं, आणि घरात तिच्या आईसकट सगळ्यांना थोडी थोडी इंग्रजी येते. “आजी, तुले तर यातलं काहीच येत नाही ना?” मी सुपारी कातरत होते. मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते तिनं नीट पाहिलं नाही.

पंधरा दिवस शिकवणी चालली आहे. ती ‘स्टँड अप’ म्हणून उभी राहते, ‘सिट’ म्हणून बसते. ती दहादा उठते तेव्हा मी एकदा उठते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पेपराआडून पाहतो आणि मान हलवतो. त्यानं इंग्रजी घोकून केली. अंगणात फेऱ्या मारत ‘गो, वेंट, गॉन’ असं ओरडायचा की कोंबड्या कुंपणाबाहेर जायच्या. पुढे कचेरीत त्याच्यासारखं इंग्रजी पत्र कुणी लिहीत नसे, पण फोनवर समोरचा इंग्रजीत बोलला की हा रिसीव्हर शेजारच्याच्या हातात द्यायचा. त्याची इंग्रजी लिफाफ्यात राहते, तोंडात येत नाही. तो म्हणतो, “पाया नाही तर इमारत कायची?” पोरगी म्हणते, “तुमचा पायाच पाया हाये बाबा, घरात राहाले कोणी गेलंच नाही!” मी दोघांकडे पाहते. मलाही कोडंच आहे, दुसऱ्याची भाषा माणसाच्या आत नेमकी कुठून शिरते. त्याच्या तर डोळ्यांतून शिरली आणि हातातून बाहेर पडली; मधे तोंड लागलंच नाही.

परवा गडबड झाली. पोरगी म्हणाली ‘क्लोज द विंडो’ आणि घाईत हात केला दाराकडे. मी उठून खिडकी लावली. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटलं, सापडले. पण ती टाळ्या वाजवत बापाकडे धावली. “पाहा! हात चुकला तरी आजीले बरोबर समजलं! इतकं आत गेलं तिच्या!” आणि वहीत लिहून ठेवलं, सोमवारी शाळेत सांगायला. तेव्हापासून घास गोड लागत नाही, बाबा. तिथं चाळीस पोरं बसतील आणि ती माझ्या भरवशावर उभी राहील.

कारण माझ्या आत ते तिनं घातलेलं नाही, तुम्ही घातलेलं आहे. आई गेल्यावर भाऊ शाळेत जायचा आणि मला घरी एकटी ठेवायचं नाही म्हणून तुम्ही कामठीच्या छावणीत, फौजी साहेबांच्या मेसमध्ये, मागच्या दारी, बटाट्यांच्या पोत्यावर बसवायचे. दुपारची भांडी निघाली आहेत, चहाला अजून वेळ आहे. तुम्ही उलट्या खोक्यावर बसता, हात पाठीमागे बांधता, धुरानं काळ्या झालेल्या छताकडे पाहता आणि म्हणता, ‘ब्रिंग द स्मॉल स्पून.’ मी तुमच्या तोंडाकडे पाहते. “माह्या डोळ्याकडे काहून पाहून राहिली वं? चमचा का डोळ्यात ठेवला हाये मी? कानानं ऐक.” चुकीचा आणला तर रागावत नाही, तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणता. बरोबर आणला की पुडिंगच्या भांड्याची करपलेली कड खरवडून देता. तुम्हालाही ती भाषा अशीच आली होती ना? साहेब लोक बेऱ्याकडे, म्हणजे वाढणाऱ्या तुमच्याकडे, न पाहता, हात न हलवता बोलायचे. डोळ्यांना काही मिळत नसे, म्हणून तुमचे कान शिकले. तुम्ही मला तेच दिलं, फक्त वर कड दिली.

मग तो दिवस. एक तरुण साहेब काडेपेटी मागायला मागच्या दारी आला. तुम्ही आत कोठीत होता. मी पोत्यावरून म्हटलं, ‘सिट डाउन! वेट!’ दुसरं काही येतच नव्हतं मला, तुमच्या इंग्रजीत सगळे हुकूमच होते. तुम्ही धावत आलात, माझा कान पिळला. “साहेबाले हुकूम देतं? माही नोकरी खातं काय?” साहेब हसत होता. तुम्ही चुलीकडे तोंड फिरवलं आणि तुमचे खांदे हलत होते. ते रडू होतं की दाबलेलं हसू, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे. त्या दिवसापासून शिकवणी बंद. नात सांगते, तिच्या रीतीत पुढची पायरी अशी की शिकणाऱ्यानं हुकूम द्यायचा आणि शिकवणाऱ्यानं उठायचं. ती पायरी मी नऊ वर्षांची असताना परस्परच चढले होते, आणि तुम्ही शिडी काढून घेतली.

इथे तिनं पेन ठेवला. पुढचं चहा झाल्यावर सांगितलेलं आहे.

“म्हणजे तुले सगळं येत होतं?” पोरीचा चेहरा उतरला. म्हटलं, येत होतं, आणि परवा मी तुझ्या हाताकडे पाहिलंच नाही. तू शिकवतेस ते खोटं नाही, पण तुझे हात फार बोलतात. पोरं हाताकडे पाहून उठतील, शब्द बाहेरच्या बाहेर जाईल. एकदा-दोनदा दाखव, मग हात मागे बांध. ती आधी रागावली. मग “तुले ती पुडिंगची कड अजून कशी आठवते गं, आजी,” म्हणाली, आणि उठून उभी राहिली. हात मागे, डोळे छताकडे. ‘ब्रिंग मी द स्मॉल बाउल, प्लीज.’ वाटी आणायला मी उठले, पण पाय जरा अडला. तो शेवटचा शब्द मी टीव्हीत रोज ऐकते. हुकमाला जोडून माझ्या हातात कुणी दिला नव्हता. मेसमध्ये तो तुमच्यापर्यंत पोचलाच नसेल. नाहीतर तुम्ही मला दिला असता, एवढं मला माहीत आहे.

सोमवारी ती असंच करणार आहे. वहीतलं ते खिडकीचं तिनं स्वतः खोडलं. आता विचारते आहे, लिफाफा आणू काय. नको, या घरात लिफाफ्यात पुष्कळ इंग्रजी पडून आहे.

फक्त एक राहिलं, बाबा. त्या दिवशी ते ‘सिट डाउन’ चुकून तोंडातून गेलं, असं मी रडत रडत तुम्हाला सांगितलं होतं. चुकून नव्हतं. रोज साहेबांच्या शब्दावर तुम्हाला उठताना पाहायची, मला एकदा त्यांच्यातला कुणीतरी बसताना पाहायचा होता. तुम्ही कोठीत होता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. हसण्याच्या आधी तो साहेब बसला होता, तुमच्या खोक्यावर.