तेवीस मेचा पेपर

१२ जानेवारी

एप्रिल, मे की ऑगस्ट? आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. मीठ मागितलं तरी उत्तर येतं — "मे!"

हिने मेडिकलला जायचं ठरवलंय. एकेचाळिसाव्या वर्षी! सतरा वर्षं सर्जरीच्या वॉर्डात नर्स. त्यातली सहा वर्षं संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन बीएस्सी पुरी केली. आता प्रवेश परीक्षा. आमची कन्या सोळाची, पण सगळी सूत्रं तिच्या हातात. फ्रिजवर तक्ता लावलाय. मला समजलं तेवढं इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या पुन्हा विचारीन आणि दोघी माझ्याकडे "बिचारा" म्हणून बघतील.

परीक्षा वर्षातून तीनदा. निकाल महिन्याने. कॉलेजांचे अर्ज एक जूनपासून, आणि अर्ज जसे पुरे होतील तसे वाचतात. म्हणजे उशीर केला की जागा संपत आलेल्या. बरं, घाई करून एप्रिलला बसावं, तर वाईट गेलेला पेपर जन्मभर नावाला चिकटतो. पुढच्या खेपेला नव्वद मिळवा, आधीचे साठ दिसणारच.

मी म्हटलं, "मग ऑगस्ट. निवांत अभ्यास होईल."

कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही लिफ्ट बघा."

तेच बघतो की! वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. या शहरातली निम्मी माणसं माझ्या भरवशावर वर जातात.

१८ जानेवारी

तेवीस मे! फॉर्म भरला. केंद्र पाच तासांवरच्या गावी, इथलं भरलं होतं.

ही म्हणाली, "आता माझ्या आणि तेवीस मेच्या मध्ये कुणी आलं तर बघा." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

८ फेब्रुवारी

जीवशास्त्र हिला तोंडपाठ. रसायनही ठीक. फिजिक्सला घोडं अडतं. कप्प्या, दोर आणि वजनं! तीन दिवस एकाच गणितावर डोकं धरून बसलीय. काल वही मिटली आणि म्हणाली, "मला नाही येत. जाऊ दे."

आज रविवार. म्हटलं, चल माझ्याबरोबर. बारा मजली इमारत आहे माझ्याकडे, तिच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये नेलं. दार उघडलं, दिवा लावला. चाक दाखवलं, त्यावरून गेलेले दोर दाखवले. म्हटलं, हे बघ — या टोकाला माणसांची पेटी. त्या टोकाला लोखंड. किती? पेटीएवढं आणि वर निम्म्या माणसांएवढं. मोटर बिचारी सगळं ओझं उचलतच नाही, फक्त फरक ओढते.

खाली कुणीतरी बटण दाबलं. चाक फिरलं. ही एकटक बघत राहिली. मग माझी हत्यारांची पेटी उलटी करून तिच्यावर बसली, माझ्याच सर्व्हिसच्या कागदामागे ते गणित मांडलं — सुटलं!

"इतकी वर्षं हे मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू विचारलंस कुठे?"

लग्नाला अठरा वर्षं झाली. असं कधी बघितलं नव्हतं हिने माझ्याकडे. खरं तर लोखंडाकडे बघत होती. असो.

२ मार्च

लिफ्टच्या दाराचा पत्रा चढवताना जांघेत काहीतरी सटकन झालं. घरी येऊन बघितलं तर लिंबाएवढा फुगवटा. आडवं झालं की आत जातो, उठलं की हजर. सांगू नये कुणाला.

५ मार्च

मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेलो. इकडचे सगळे हिला ओळखतात. त्यांनी खोकायला लावलं, बोट लावलं, झालं. हर्निया! "ऑपरेशन करून घ्या. छोटं असतं. या महिन्यातच करा."

म्हटलं, मेअखेरीला चालेल?

"मेअखेरीला काय आहे?"

"पेपर."

"या वयात? शाबास!" मी खुलासा केला नाही.

हिला सांगितलं तर काय होईल ते दिसतंय. पुस्तकं बाजूला, रजा टाकणार, माझ्या उशाशी बसणार. तीन आठवडे गेले म्हणजे मे गेला. नको. चोवीस मेला सांगीन. तोवर वजन उचलायचं नाही — कामावरच्या जोडीदाराला, आमच्या दाढीवाल्याला, पाठ दुखते म्हणून सांगितलंय.

१७ मार्च

सर्जरीच्या नर्सपासून हर्निया लपवणं म्हणजे पोलिसाच्या खिशात चोरीचा माल ठेवणं! शिंक आली की बाहेर पळतो. खोकला आला की नळ सोडतो. काल ही म्हणाली, "असे का चालताय?" म्हटलं, नवे बूट. आज जुने घातले, तरी तसाच चाललो. हिचं लक्ष नव्हतं. ओठांत मूत्रपिंडाचे भाग पुटपुटत होती. माझी परीक्षा मूत्रपिंडाने वाचवली.

५ एप्रिल

सराव परीक्षा. एकसष्ट. कॉलेजांना पंच्याहत्तरच्या पुढे लागतात. कन्येने हळूच सुचवलं, "आई, तारीख बदलता येते. तेरा मेपर्यंत." हिने तिच्याकडे असं बघितलं की पोर तक्त्याचा चुंबक सरळ करत बसली.

मे म्हणजे मे.

३० एप्रिल

चौऱ्याहत्तर!! ड्यूटी करून आल्यावर दिलेली परीक्षा, तरी चौऱ्याहत्तर. मी रोज सकाळी चहाबरोबर वीस कार्डं विचारतो. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आता मलाही येतात. दाढीवाल्याला आज स्वादुपिंड समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तू बरा आहेस ना?"

१३ मे

तारीख बदलायचा शेवटचा दिवस. सकाळी हिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मला विचारलं, "अहो, जाऊ ना?"

"जा."

माझ्या आवाजात कसला विश्वास होता! स्वतःचं पोट हाताने दाबून धरलं होतं टेबलाखाली.

२१ मे

हॉस्पिटल. हिच्याच वॉर्डात, खिडकीजवळची खाट.

परवा दाढीवाला रजेवर होता. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकलेली, आत एक आजीबाई. दार मोकळं करायला पत्रा उचलला. आजीबाई सुखरूप निघाल्या. मी भिंत धरली. कसाबसा घरी आलो, उलटी झाली, स्वयंपाकघरात खालीच बसलो. ही पुस्तक घेऊनच आली. एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा हाताकडे — हात जिथे होता तिकडे.

अठरा वर्षं मला अहो-जाहो करणारी बाई. एकदम ओरडली — "आडवा हो! हात काढ! किती दिवस आहे हे?"

"मार्चपासून."

फोन केला, गाडी बोलावली, वॉर्डला सांगून ठेवलं. दोन तासांत मी टेबलावर होतो. आतडं अडकलं होतं. वीतभर कापावं लागलं. सर्जन म्हणाले, आणखी चार तास गेले असते तर आम्ही एकमेकांना भेटलोच नसतो.

२२ मे

ताप. हिची गाडी दुपारी दोनची होती. "जा," म्हटलं. हात जोडले. कन्या आहे, दाढीवाला आहे, अख्खा वॉर्ड तुझा आहे. जा!

ही म्हणाली, "या डोक्याने पेपर दिला तर ते मार्क जन्मभर वागवीन. नाही जात." आणि माझा ताप तक्त्यावर लिहिला.

दोन वाजले.

२३ मे

आज दहाला पेपर होता. दहाला ही माझ्या पायाशी बसून संत्रं सोलत होती. एकेक शीर काढत. मला खायला बंदी आहे. स्वतःही खाल्लं नाही.

३१ मे

घरी आणलं. कन्या बोलत नाही. औषधाची गोळी समोर ठेवते आणि जाते. आज मीच हाक मारली. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचा मे महिना खाल्लात." आणि रडली.

ही ऐकत होती. मला वाटलं माझी बाजू घेईल. खुर्ची ओढून समोर बसली.

"मार्चमध्ये सांगितलं असतं, तर मार्चमध्ये ऑपरेशन झालं असतं. एप्रिलला तुम्ही हिंडत होतात. मेमध्ये मी पेपर देत होते. इतकं साधं होतं, अहो! माझ्यासाठी केलंत ना? पण माझ्या परीक्षेची सगळी गणितं आपण तिघांनी मिळून मांडली, आणि हे एकच तुम्ही एकट्याने मांडलंत. आणि चुकलंत. तुम्ही गेला असतात. मग मी डॉक्टर होऊन कुणाला दाखवणार होते?"

फरक ओढायचा सोडून सगळं ओझं एकट्याने उचलायला गेलो. आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, आणि ही चूक मी करावी!

माफी मागितली. दोघींची. नीट, नावानिशी, एकेकीची वेगळी.

१ जून

कन्या बोलली! आणि काय बोलली! अर्ज आजच पाठवता येतो म्हणे, मार्क मागाहून जोडायचे. ते येईपर्यंत अर्ज वाचला जात नाही, पण कागदपत्रांची तपासणी तरी उरकते. तेवढाच महिना वाचेल. परीक्षा एक ऑगस्ट. तक्ता नवा, चुंबक तेच.

तक्त्यावर खाली एक ओळ वाढवलीय — "बाबांचं पोट: रोज विचारणे."

१ ऑगस्ट

मीही गेलो बरोबर. आदल्या दिवशी जाऊन एका लॉजमध्ये राहिलो. सकाळी फाटकाशी सगळी विशीतली पोरं. त्यात ही — केस घट्ट बांधलेले, हातात पाण्याची बाटली. वळून बघितलं नाही. तेच बरं.

साडेसात तास बाहेर बाकावर. शेजारी एक गृहस्थ, घामाघूम. म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

"बायको."

त्यांनी रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, "त्यांना भूक लागली असेल, नाही?" आणि स्वतःच्या डब्यातला अर्धा केक बाजूला काढून ठेवला. हिने बाहेर येताच उभ्याउभ्या खाल्ला. कसा गेला, मी विचारलं नाही. "कप्पी आली होती," म्हणाली. आणि हसली.

१ सप्टेंबर

सत्त्याऐंशी.

सत्त्याऐंशी!! कन्या कॉटवर नाचली. मला नाचायची परवानगी नव्हती. टाळ्या वाजवल्या.

२६ नोव्हेंबर

बारा कॉलेजांना अर्ज, मुलाखतीला दोनच बोलावणी. बाकीच्यांनी गोड पत्रं लिहिली. एकाने तर सरळ — "आपला अर्ज पूर्ण झाला तोवर आमच्या बहुतेक मुलाखती ठरल्या होत्या." ते पत्र हिने मला दाखवलं नाही. मला कपाटात सापडलं. मी सापडलं म्हणून सांगितलं. आता काही लपवायचं नाही, असं ठरलंय.

मुलाखतीत एका सर्जनबाईंनी विचारलं म्हणे, "इतक्या उशिराची परीक्षा का निवडलीत?" हिने खरं ते सांगितलं. नवरा, हर्निया, स्वयंपाकघर. त्या म्हणाल्या, "नर्सच्या घरात?" हिने सांगितलं, "घरात मी नर्स नसते. ती चूक माझी."

तुझी कशी? मी भांडलो त्यावरून. अर्धा तास. शेवटी अर्धी-अर्धी वाटून घेतली.

१९ फेब्रुवारी

एका कॉलेजचा नकार. दुसऱ्याची प्रतीक्षा यादी — क्रमांक अकरा. ही ड्यूटीवरून आली, पत्र वाचलं, हातपाय धुतले, भाजी चिरायला बसली. मीही सुरी घेतली आणि शेजारी बसलो. एक किलो वांगी चिरली दोघांनी. तीन माणसांना!

१ जून

यादीत क्रमांक चार. तिथेच अडकलाय. आज पुढच्या वर्षासाठी पुन्हा अर्ज पाठवले. पहिल्या दिवशी, सगळे मार्क जोडून. या खेपेला उशीर नाही. कन्या म्हणते, वेळेच्या बाबतीत आता आपण कुणालाही शिकवू. ही म्हणाली, "एक वर्ष म्हणजे काय? तीनशे पासष्ट ड्यूट्या." हसत म्हणाली. पण पाठ फिरवल्यावर खांदे बघितले मी.

२९ जुलै

दुपारी पावणेतीनला फोन आला. जागा मिळाली! सोमवारी हजर व्हायचं, त्याच पाच तासांवरच्या गावी. हिने आधी इंजेक्शनांची फेरी पुरी केली, मग मला सांगितलं. साडेतीनला मी फोरमनच्या टेबलावर बदलीचा अर्ज ठेवला. तो म्हणाला, "वेड लागलं का? त्या गावात मोजून नऊ लिफ्ट. बाकी सगळे जिने."

म्हटलं, "चढू की."