एक शपथ आणि बाकीची मालमत्ता

"मृत्युपत्र करायला तुझ्या नावावर आहे काय?" असं मला काल जेवताना ज्यांनी विचारलं ते माझे पती. विचारून वर आमटी मागितली. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आम्हाला शिकवलंय, पण वकील म्हणतो कागदाला ते चालत नाही, म्हणून एकदा लिहिते: श्रीराम बापूराव कणसे. यापुढं नुसतं 'हे'.

मी, सौ. पद्मिनी, वय सत्तेचाळीस, राहणार ट्रॉय, मिशिगन, शिक्षण मराठी चौथी, हे माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, उलट सगळे नको म्हणत असताना लिहीत आहे. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर फार गोड बोलतो, म्हणून मला भरवसा वाटत नाही. ह्याचं इंग्रजी शेजारची नीला करून देणार आहे. तिनं त्यात स्वतःची सभ्यता घालू नये.

घर दोघांच्या नावावर आहे, ते माझ्यामागं यांचंच. त्यात माझं म्हणणं नाही.

शिवणयंत्र सुलेखाला, ती माझ्याकडं ब्लाउज शिकते. कात्रीही तिलाच, पण त्या कात्रीनं कागद कापायचा नाही.

आईच्या पाटल्या माझा मुलगा विनय याच्या होणाऱ्या बायकोला. ती कोणीही असो, कुठल्याही रंगाची असो. यांनी तोंड वाकडं करायचं नाही.

माझं मोठं पितळी पातेलं मंडळाच्या राजीवनं गणपतीला नेलं ते आणलंच नाही. आठवण केली तर "काकू, शोधतो ना" म्हणतो. ते मंडळाला दिलं. मी दिलं असं लिहून ठेवा, त्यांनी ठेवून घेतलं असं नाही.

नीला साक्षीदार आहे, तिच्या नावानं काही लिहू नको असं वकिलानं बजावलं. म्हणून पुरणयंत्र तिला कालच देऊन टाकलं.

शिवणाचे पैसे बँकेत माझ्या एकटीच्या नावावर आहेत. ते सगळे विनयला, शिकायला. यांच्या शॉपमध्ये नवं मशीन घ्यायला नाही.

आता मुख्य वस्तू. ती खरीच माझ्या नावावर आहे आणि माझ्याशिवाय कोणाला सोडता येत नाही. विनयला मी घातलेली शपथ.

विनय विद्यापीठात रोमचा इतिहास शिकत होता. पीएचडीला त्यानं एका सेनापतीचा मुलगा घेतला होता. त्याचं नाव सेक्स्टस. चारचौघांत घ्यायची लाज वाटते, म्हणून मी त्याला धाकटा पाँपी म्हणते, बापाचं नाव पाँपी होतं. रविवारी घरी आला की विनय माझ्या यंत्राशी बसून कच्चे धागे उसवायचा आणि त्याच्या गोष्टी सांगायचा. बाप एवढा मोठा सेनापती, पण आपसातल्या लढाईत हरला, आणि तेही एकेकाळच्या सासऱ्याकडून. पळून परक्या किनाऱ्याला गेला तर तिथं त्याला मारलं, ते पोरानं जहाजावरून बघितलं. पुढं मोठा भाऊही गेला. मग यानं जहाजं जमवली, एक बेट धरलं. रोममध्ये ज्यांना मारायच्या याद्या लागल्या होत्या, त्या लोकांना हा आसरा द्यायचा. मी म्हटलं, हरणार हे दिसत होतं तर मुकाट घरी का नाही गेला? विनय म्हणाला, "घर कुठं उरलं होतं, आई?"

त्याच्यामुळं रोमला धान्य पोचेना. तेव्हा लोक त्याच्या आईच्या दारात गेले. पोराला तह करायला सांग, नाहीतर घरासकट जाळतो. ती बिचारी गेली. त्यानं तह केला. तो टिकला नाही, शेवटी हा हरला आणि मारला गेला. आई त्याला काय म्हणाली असेल ते कोणी लिहून ठेवलं नाही, याचं विनयला फार वाईट वाटायचं.

यांचा मोटारीचे सुटे भाग करायचा शॉप, म्हणजे छोटा कारखाना. हरून मेलेल्यांची चौकशी करून पोट भरत नाही, हे यांचं म्हणणं. मंडळात लोक विचारायचे, "अजून शिकतोच का हो तुमचा?" ते यांना लागायचं, मलाही लागायचं. मागच्या दिवाळीनंतर हे म्हणाले, "माझं ऐकत नाही तो. तू जा." मी डबा भरून त्याच्या खोलीवर गेले.

दारातच म्हणाला, "डॅडनी पाठवलं ना तुला?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले.

"त्याच्या आईलाही पाठवलंच होतं गं," एवढंच बोलला.

मला समजलं नाही असं नाही. समजून मी त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, माझ्या गळ्याची शपथ, हे सोड. शपथ मोडली की घालणाऱ्याचा जीव जातो, हे लहानपणी मीच त्याला शिकवलं होतं, दूध संपवावं म्हणून. पेला रिकामा झाला की मी 'सुटली' म्हणायची आणि तो खेळायला पळायचा. या वेळी मी 'सुटली' म्हटलंच नाही.

त्यानं सोडलं. पुस्तकं खोक्यांत भरली आणि शॉपवर यायला लागला. वेळेवर येतो, "येस, डॅड" म्हणतो, हिशोब चोख करतो. हे खूश आहेत. माझ्या यंत्राशी मात्र तो परत बसला नाही.

पोटात गाठ आहे असं कळलं त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर गाडीत बसल्यावर तो मला काय म्हणाला? "आई, आय डिडन्ट ब्रेक इट. एकदाही पुस्तक उघडलं नाही गं मी." सव्वीस वर्षांचा मुलगा. तेव्हापासून मला अन्न जात नाही. डॉक्टर त्याचा दोष गाठीला देतो.

मी तिथंच म्हटलं, सुटली रे. तो म्हणाला, "ऑपरेशन होऊ दे, मग बघू." आणि थांबून म्हणाला, "डॅड कुठं सोडणारेत?"

म्हणून साक्षीदारांसमोर लिहिते. शपथ सुटली. मी मेले तर गाठीनं मेले, विनयनं पुस्तक उघडलं म्हणून नाही. त्याच्या मनात तसं आलं तर हा कागद त्याला वाचून दाखवावा, मराठीतला, नीलाचा नाही.

आता यांना. मला पाठवलंत तुम्ही, गेले मी. तुमचा दोष मी माझ्यावर घेतला, पण सगळा घेणार नाही. त्यानं शॉप सोडावं आणि परत शिकायला जावं, हे आता तुम्ही त्याच्या खोलीवर जाऊन तुमच्या तोंडानं सांगायचं. फोनवर नाही. माझ्या नावानंही नाही. शपथ घालायची मला आता भीती वाटते, म्हणून साधी धमकी देते: तुमचं उत्तर आल्याशिवाय मी सोमवारी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. डॉक्टरला तुम्ही समजावा.

विचार करतो, बघू, पुढच्या वर्षी, असली उत्तरं घेतली जाणार नाहीत. शनिवारी, १८ ऑक्टोबरला, दिवेलागणीच्या आत सही करून हा कागद माझ्या हातात द्यायचा.

लिहिणार: पद्मिनी श्रीराम कणसे (दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाव)
साक्षीदार: नीला चारुदत्त गुप्ते
साक्षीदार: अनिल वामन पेठे
ट्रॉय, मिशिगन. बुधवार, १५ ऑक्टोबर १९८६

यांनी भरायचं. विनयला सांगायला जाणार का, हो की नाही: ____________