फाइल फक्त तपासणीसाठी उघडली

३ मार्च
आजपासून हॉस्पिटलचा डेटा प्रायव्हसी ऑफिसर. खोली जिन्याखाली, पण स्वतंत्र. संकल्प: कामाशिवाय कुणीही पेशंटची फाइल उघडायची नाही. रिसेप्शनच्या बाईंनी विचारलं, साहेब, तुम्हीसुद्धा नाही? म्हटलं, मी तर मुळीच नाही.

५ मार्च
स्टाफपुढे भाषण. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, वगैरे. श्रोते चार, पैकी एक झोपलेला. पंचाहत्तर टक्के यश.

९ मार्च, सकाळी ११
नव्या पेशंटांच्या यादीत लेकीचं नाव. अडीच वर्षं बोलणं नाही. तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. तत्त्वाचा प्रश्न होता. कुठलं तत्त्व ते आता नीट सांगता येत नाही.
फाइल उघडणार नाही.

दुपारी ३
उघडली नाही. स्वतःचा अभिमान वाटला.

३.२०
उघडली. फक्त तपासणीसाठी. पहिल्याच पानावर, सातवा महिना. पुढचं वाचलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं.

१० मार्च
फाइलच्या पहिल्या पानावरचा तिचा नंबर चुकून पाठ झाला. चुकून झालेल्या पाठांतराला कायदा लागू नसावा.

१२ मार्च
फोन केला. आवाज जाड करून म्हटलं, हॉस्पिटलमधून बोलतोय, नंबर बरोबर आहे ना? तिने आवाज ओळखला. "बाबा, माझी फाइल उघडलीत तुम्ही?"
"रूटीन तपासणी," म्हटलं.
तिने फोन ठेवला. असो. बोलणं तर सुरू झालं!

१४ मार्च
तिची लेखी तक्रार: माझी फाइल कुणी पाहिली? चौकशी अधिकारी मीच. स्वतःकडून खुलासा मागवला. तीनदा वाचला. पटला नाही.

१७ मार्च
हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "फाइल उघडण्याआधी तिलाच विचारायचं होतंत," एवढंच म्हणाल्या. लॉगिन उद्या संध्याकाळी बंद. बदली स्टोअरला.

१८ मार्च
शेवटचं काम. लेकीचा अर्ज, दिलेली संमती मागे घेण्याबद्दल. त्यासाठी फाइलचं दुसरं पान काढावं लागलं. 'बाळंतपणाच्या वेळी कुणाला कळवावं?' पहिलं नाव नवऱ्याचं. दुसरं माझं. नातं: बाबा. खाली तिची सही, ९ मार्चची.
अर्ज या दुसऱ्या नावाबद्दलच. नियमात बसतो. माझं नाव काढलं. पोच पाठवली.